छप्पर चढेपर्यंत

नाना, तुमच्यावर चिडायचं तर आता तुम्ही समोर नाही, ही माझी मोठीच पंचाईत होऊन बसली आहे. गणपती पोचवून झाले आणि तुम्ही गेलात. सकाळी पेज खाल्लीत, दारापुढच्या खळ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलात, आणि काकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तेव्हा तुम्ही हाकेला उत्तर देईनासे झाला होतात. असं मरण नशीबवानाला येतं म्हणतात. येत असेल. पण जाण्याआधी माझं काय करायचं ते तेवढं सांगायला हवं होतंत.

तिठ्यावर तुमचा फलक लागला आहे. फोटोत तुम्ही कोणाच्या तरी लग्नातला फेटा बांधून बसला आहात आणि खाली 'गावाचा आधारवड कोसळला' असं छापलंय. तुमच्यासारख्या काटकुळ्या माणसाला वड म्हणायचं म्हणजे कमालच आहे. तुम्ही ते वाचून दिवसभर हसला असतात. शोकसभेत मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, साहेबांना दुःख आवरेना. दुःख होतंच, पण त्यात राग बराच होता. मला तुमच्याशी भांडायचं होतं आणि ते माईकवर करता येण्यासारखं नव्हतं.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. तारकर्लीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या तुमच्या गावच्या कातळावर सरकारने प्रदर्शन केंद्र बांधायचं ठरवलं आणि त्याचा नकाशा काढायचं काम मला मिळालं. मी जन्माने सावंतवाडीचा, पोटापाण्याने पुण्याचा. आपल्या मुलखात काहीतरी चांगलं बांधायचं म्हणून मी अगदी हुरळून गेलो होतो. ग्रामसभेत पडद्यावर चित्रं दाखवत मी समजावून सांगितलं, की ही इमारत म्हणजे आपलं जुनं घरच आहे. आधी खळं, मग पडवी, मग माजघर, शेवटी मागीलदार. खळ्यात दशावतार रंगेल, पडवीत जाळी आणि होड्या असतील, माजघरात सावंतवाडीची लाकडी खेळणी, मागीलदारी आपल्या आयांची रांधपाची भांडी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छपरावर मातीचे नळे, आणि त्याखाली मात्र छप्पर पेलणाऱ्या पोलादी कैच्या, म्हणजे मधे एकही खांब लागणार नाही आणि अख्खी होडी वर टांगता येईल. जुनं आणि नवं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभं राहील, असंही काहीतरी मी बोलून गेलो.

गावकऱ्यांचे मुख्य मानकरी म्हणून तुम्ही पहिल्या खुर्चीत डोळे मिटून बसला होतात. सगळं संपल्यावर डोळे उघडलेत आणि विचारलंत, "बुरूज खंय आसा?"

तुम्हाला किल्ल्यासारखा बुरूज हवा होता. त्यावर सिमेंटचा वाघ हवा होता, तोंड उघडलेला. हायवेवरच्या कुठल्याशा हॉटेलासमोर तसा वाघ बसवलाय आणि गाड्या थांबवून लोक त्याच्यासोबत फोटो काढतात, हे तुम्ही स्वतः पाहून आला होतात. मी तुम्हाला वारसा म्हणजे काय ते समजवायला गेलो. चिऱ्याचा रंग, चिऱ्याचा गारवा, माझं सगळं प्रवचन तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमी पुण्यात ऱ्हवान चिऱ्याची गाणी गावा. आमी तेच्या ओलीत जल्म काढलो." तुमचं स्वतःचं घर तुम्ही पाडून स्लॅबचं केलं होतंत, जमिनीला चकचकीत लाद्या, बाहेरून पिस्ता रंग. ते घर मला कुरूप वाटायचं आणि एकदा मालवणीतून मी तसं तोंडावर सांगितलं. तुम्ही रागवायच्याऐवजी खुश झालात. हा आपल्यातला दिसतोय म्हणालात आणि त्या दिवसापासून मला अरेतुरे करायला लागलात.

पुढच्या नकाशात मी चिऱ्याची भिंत दुहेरी केली, मधे हवा खेळायला पोकळी ठेवली, जोतं उचललं. वाघ काही दिला नाही. नंतर भिंती उभ्या राहिल्या तेव्हा तुम्ही दर श्रावणात यायचात, आतल्या अंगाला तळहात लावून बघायचात, हात कोरडा निघाला की माझ्याकडे बघून नाक मुरडायचात. तेवढीच तुमची शाबासकी. मला ती पुरायची, हे तुम्हाला मी कधी बोललो नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पायाभरणीचा दिवस. कातळावर मांडव घातला होता, जोत्याच्या जागी नारळ ठेवला होता आणि तुम्ही गाऱ्हाणं घालायला उभे राहिलात. गाऱ्हाण्यात एक माणूस देवाशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात, हे माझ्या हाडात लहानपणापासून मुरलेलं. तुमचा आवाज एरवी किरकिरा, पण देवाशी बोलताना खर्जात जायचा. रवळनाथाला हाक मारलीत, शिवेवरच्या सगळ्या राखणदारांना हाक मारलीत, कामाला विघ्न येऊ नये म्हणालात, गवंड्यांच्या हातापायाला इजा होऊ नये म्हणालात. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. आणि त्याच लयीत, आवाज जराही न बदलता, तुम्ही पुढे म्हणालात,

"आणि ह्या घराचो नकसो काढणारा ह्या जा काय तुजा लेकरू आसा, तेच्याच हातान ह्या घर पुरा होवंदे. छप्पर चढल्याबिगर ता ह्या कामातसून सुटाक नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. माझ्याइतक्या मोठ्याने कदाचित कोणीच म्हणालं नसेल. शब्दांचा अर्थ डोक्यात शिरला तोवर तुम्ही नारळ फोडला होतात.

तेव्हा मला गंमत वाटली होती. पुण्याला जाऊन मी हा किस्सा केतकीला रंगवून सांगितला, आमच्या लेकीने 'व्हय म्हाराजा'ची नक्कल करून घर डोक्यावर घेतलं. मग कामाने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. किनाऱ्याच्या परवानग्या अडकल्या, पहिला कंत्राटदार मधेच अंग काढून गेला, निधी आला नि परत गेला. प्रत्येक वेळी वाटायचं, हा एक हंगाम काढला की संपलं. लेक प्राथमिक शाळेत होती ती आता बारावीला आली. मी घरी गेलो की ती मला पाहुण्यासारखं आधी पाणी आणून देते. केतकी तक्रार करत नाही. तिने तक्रार करायचं सोडून दिलं, हेच जास्त लागतं.

मग पुण्यातल्या एका मोठ्या कार्यालयाने मला भागीदारीत बोलावलं. असं बोलावणं माझ्या वयात पुन्हा येत नाही. मी इथल्या देखरेखीसाठी कुडाळची एक हुशार मुलगी शोधली, तिला सगळं समजावलं आणि साइटवर सर्वांशी ओळख करून दिली. गवंड्यांचा प्रमुख असलेल्या बाबी मिस्त्रीने तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या हाताखाली काम होणार नाही. त्याच्या मते पोरीत काहीच वाईट नव्हतं. "पण साहेब, गाऱ्हाण्यात नाव तुमचा पडला हा," म्हणाला. मी समजावलं, चिडलो, नव्या ठेकेदाराला मधे घातलं. गवंडी दुसऱ्या दिवशी कामावर आलेच नाहीत. ती मुलगी आठवडाभर रिकाम्या जोत्यावर फेऱ्या मारून परत गेली.

त्या पावसाळ्यात मी हट्टाने पुण्याला निघून गेलो. बघू काय होतं ते. आणि जे व्हायचं तेच झालं, समुद्राकडची पडवीची भिंत पडली. कोणाला लागलं नाही. मी आलो, ढिगारा पाहिला आणि कारण मला लगेच कळलं. वरचे थर झाकायला सांगितले होते ते कोणी झाकले नव्हते, पाणी आत मुरलं आणि भिंत बसली. मी हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीही एका शब्दाने मला दोष दिला नाही, आणि कोणाचाही माझ्यावर विश्वास बसला नाही. नाना, मी देव मानत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. पण त्या चिऱ्यांसमोर उभं राहून माझ्याही मनात तेच आलं. उद्या मी गेलो आणि कैची चढवताना कोणी वरून पडला, तर? मला कारण माहीत असेल. त्याच्या बायकोला मी ते कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

तेव्हा मी तुमच्याकडे आलो. ज्याने गाऱ्हाणं घातलं त्यानेच ते सोडवायचं, एवढं मला बाबीने सांगितलं होतं. तुम्ही खळ्यात सुपाऱ्या सोलत बसला होतात. मी बरंच काही बोललो, आवाजही चढवला. मला न विचारता तुम्ही माझं आयुष्य गहाण टाकलंत, असं म्हणालो.

"इचारललंय," तुम्ही म्हणालात. "तू 'व्हय' म्हणालंस."

मला हसू फुटलं, पण तुम्ही हसला नाहीत. बोट करून बंदरावरचा एक अर्धवट राहिलेला हॉल दाखवलात, गजांना गंज चढलेला, आत गुरं बसलेली. तो माझ्या रोजच्या वाटेवरच होता. "आदलो इंजिनेर पळालो. तेच्या आदलो कंत्राटदार पळालो. फीत कापूक सगळे येतत, रे. म्हणान तुका बांधून घातलंय." तुम्ही खोटं बोलत नव्हतात. या किनाऱ्यावर अर्ध्यात सोडलेल्या कामांची काय कमी आहे? मला एवढंच वाटत होतं की या सगळ्या पळालेल्यांची भरपाई माझ्या एकट्याकडून का.

त्याच दिवशी तुम्ही मला गोदीतली गोष्ट सांगितलीत. तुम्ही मुंबईला गोदीत क्रेनवर होतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. क्रेनच्या वर बसलं की सगळी जहाजं खेळण्यासारखी दिसायची, असं सांगताना तुमचा चेहरा वेगळाच झाला होता. खोली घेतली होती, काकींची ट्रंक बांधून तयार होती, भात कापून झालं की त्या येणार होत्या. तेवढ्यात वडील वारले. बाराव्याला आलात, मानकरीपण तुमच्याकडे आलं, देवापुढे हात जोडून उभं केलं तुम्हाला, आणि तुम्ही 'व्हय' म्हणालात. पुढे क्रेनवर कोण बसलं ते तुम्हाला कधी कळलं नाही. काकी चहाचे कप उचलायला आल्या होत्या, त्या कप तसेच ठेवून आत गेल्या. मी तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं, की स्वतः असं अडकलेला माणूस दुसऱ्याला का अडकवतो. विचारलं नाही. तुम्हालाही तो प्रश्न दिसला असणार, कारण तुम्ही सुपाऱ्या सोलायचं थांबवून उगाचच चुन्याची डबी शोधायला लागलात.

आपलं दुसरं भांडण आवाजाच्या खोलीवरून. माजघराच्या मागे मी एक छोटी, जाड भिंतींची खोली काढली होती. कळ दाबली की तिथे गाऱ्हाणं ऐकू येणार होतं, तुमच्या आवाजात. मला वाटलं होतं तुम्ही खुश व्हाल. तुम्ही नकाशा उलटा करून टेबलावर ठेवलात. "गाऱ्हाणा देवाक घालतत, रे. लोकांक आयकवक नाय." मी म्हटलं, नाना, होड्या भिंतीला लावतोय, नाटकातले मुकुट काचेत ठेवतोय, मग आवाजाचं काय एवढं? तुम्ही म्हणालात, होडी मेली की तुझ्याकडे देतो, गाऱ्हाणं अजून जिवंत आहे. मी म्हटलं, तुमच्यामागून कोण घालणार? तुम्ही म्हणालात, माझा झील. मी मोठ्याने हसलो. तुमचा हा मुलगा उमेश दोडामार्गला राहून रोज गोव्याच्या हॉटेलात कामाला जातो, त्याला गावचा सण कुठला ते मोबाइलवर कळतं, हे सगळ्या गावाला माहीत. ती खोली आजही रिकामी आहे. कितीदा तुम्ही गाऱ्हाणं घालत होतात आणि माझ्या खिशात फोन होता, पण मी एकदाही कळ दाबली नाही. तुमच्या नकळत तुम्हाला पकडून ठेवणं मला जमलं नाही. तुम्हाला ते जमलं होतं, हा आपल्यातला फरक.

शेवटचं भेटलो ते गणपतीत. तुमच्याकडे गणपतीवर बांधलेल्या पानाफळांच्या माटवीसमोर बसून करंज्या खाल्ल्या. मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, पडलेली धरून सगळ्या भिंती झाल्या, कैच्या तयार होऊन आवारात पडल्या आहेत, आता छपराचं काम कोणीही करील. मला दिवाळीआधी पुण्याला रुजू व्हायचंय, नाहीतर ते दुसरा माणूस घेतील. "पावस जावंदे," म्हणालात, "मगे बघूया." गेल्या महिनाभरात मी या चार शब्दांचा किती कीस काढला असेल, सांगता येत नाही. त्यात होकार होता की नेहमीची टोलवाटोलवी? तुम्ही 'बघूया' कसं म्हणायचात, ते मी आठवून बघतो. काही वेळा ते हो असायचं. काही वेळा नुसतंच जेवायची वेळ झालेली असायची.

तुमचं तेरावं झालं आणि उमेश साइटवरच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत आला. डोकं तुळतुळीत, अंगात हॉटेलच्या नावाचा टी-शर्ट. मान आता त्याच्याकडे आला होता. दसऱ्याला कामाची नवी सुरुवात म्हणून गाऱ्हाणं त्यालाच घालायचं होतं. तो म्हणाला, "माका ह्या काय येणा नाय. तुमी बाबांचा इतक्या वेळा आयकलात, तुमीच सांगा." नाना, त्या आवाजाच्या खोलीत कळ असती तर हे पोर माझ्या दारात आलं नसतं. तुमचा तो हट्ट आम्हा दोघांना किती महाग पडला बघा. मला आठवत होतं तसं मी त्याला सांगत गेलो. आधी कोणाला हाक मारायची, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली न्यायचा. तो घाईघाईने 'म्हाराजा' म्हणायचा, मी त्याला थांबवायचो. पुण्यात राहणारा, देव न मानणारा आर्किटेक्ट मानकऱ्याच्या मुलाला गाऱ्हाणं शिकवतोय, हे बघायला तुम्ही असायला हवं होतंत.

माझ्या सुटकेचं त्यानेच काढलं. गावात कोणाशी तो आधीच बोलला होता. बाप सोडवायच्या आधी गेला तर मुलगा सोडवू शकतो, यावर मानकऱ्यांत फारसा वाद झाला नव्हता. मी त्याला तीही ओळ सांगितली. कैद्याने स्वतःच स्वतःच्या सुटकेचा हुकूम सांगावा आणि शिपायाने तो लिहून घ्यावा, असं काहीतरी वाटत होतं. ती ओळ त्याला पहिल्या दमात आली. मग त्याने स्वतःचं सांगितलं. हॉटेलवाल्यांनी सुट्टी वाढवून दिली नव्हती. जत्रा आहे, शिमगा आहे, दर पुनवेला काही ना काही आहे, त्याला आता दोडामार्गला राहून चालणार नव्हतं.

"तुमका मीया सोडवतंय," तो म्हणाला. "माका कोण सोडवतलो, साहेब?"

मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार होतो?

दसऱ्याच्या दिवशी माजघराच्या मधोमध नारळ ठेवला. वर छप्पर नाही, चारी बाजूंनी तुम्ही हात लावून पाहिलेल्या भिंती. गाव बऱ्यापैकी जमलं होतं. पुरुष आत, बायका पडवीत. काकी आल्याचं मला कोणीतरी सांगितलं तेव्हा आश्चर्य वाटलं. इतक्यात शुभकार्यात यायचं नाही म्हणून त्या आत आल्या नव्हत्या, बाहेरच्या अंगाला, बिनचौकटीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. उमेशने सुरुवात केली. आवाज कापत होता, पण हाका सगळ्या बरोबर मारल्या. देवाला, राखणदारांना, पूर्वजांना, आणि त्यात तुमचं नाव आलं तेव्हा 'व्हय म्हाराजा' जरा ओलंच निघालं. मग तो माझ्यापाशी आला.

"ह्या माणसान आपला काम इमानान केल्यान. तेका आता ह्या कामातसून मोकळो कर, म्हाराजा."

कोणी काही बोललं नाही.

आधी मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग मी एकेकाकडे पाहिलं. बाबी मिस्त्री जमिनीकडे बघत होता. ज्या मानकऱ्यांनी उमेशला हो म्हटलं होतं, ते हात जोडून उभे होते आणि त्यांची तोंडं मिटलेली होती. ठरवून केल्यासारखं ते वाटत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कोणी म्हणेल, आपल्या तोंडून नको. त्यांना मी नकोसा नव्हतो, नाना, मी हवा होतो, आणि या गोष्टीचा मला किती राग यावा आणि किती बरं वाटावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझे स्वतःचे ओठ हलत होते. पण स्वतःच्या सुटकेला स्वतःच दुजोरा देता येतो का, हे मला माहीत नव्हतं. उमेश घाबरून माझ्याकडे बघायला लागला. जबाब आला नाही तर पुढे काय करायचं, हे मी त्याला शिकवलं नव्हतं, कारण तुमच्या गाऱ्हाण्यात तसं कधी झालंच नव्हतं.

तेव्हा खिडकीच्या बाहेरून काकी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

तुमच्या गावात बायका गाऱ्हाण्याला जबाब देत नाहीत. मी तरी कधी ऐकला नाही. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण रिकाम्या भिंतींत घुमून आत सगळीकडे ऐकू गेला. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. काकींनी पदर सावरला आणि समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. पाठोपाठ कोणी म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कोणीही म्हणालं नाही. उमेशने पुढची ओळ घेतली, दर्यावर गेलेल्यांना सुखरूप आण म्हणाला, आणि त्यावर एवढ्या जोरात 'व्हय म्हाराजा' झालं की खळ्यातले कावळे उडाले.

मग नारळ फुटला, शेरणीचा प्रसाद वाटला, सोनं दिलं-घेतलं. बाबीने येऊन विचारलं, की पहिली कैची समुद्राकडून चढवायची की खाडीकडून. मी सांगितलं, खाडीकडून. काकींना सोनं द्यायला घरी गेलो. मला विचारायचं होतं, की काकी, तुम्ही का म्हणालात. आणि आभारही मानायचे होते. त्यांनी पाट मांडला, वाढलं, मासा अजून घे म्हणाल्या. मी जेवलो. समोर तुमची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती. ना मी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. पण नाना, तुम्ही गोदीवर परत गेला असता तर तुमच्याबरोबर कोण जाणार होतं, ते मला त्या घरात बसल्यावर पहिल्यांदा नीट उमगलं. तुमच्या 'व्हय'ने एकटे तुम्हीच बांधले गेला नव्हतात.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. "मग? सोडलं का त्यांनी?" मी म्हटलं, एकीने सोडलं. तिला काही कळेना. मलाही धड सांगता येईना. ती म्हणाली, तू ये रे, एवढा शिकलेला माणूस तू. बरोबरच आहे तिचं. बॅग भरून पत्र्याच्या खोलीत ठेवली आहे. आणि उद्या सकाळी पहिली कैची चढणार आहे, तिच्यावर माणसं चढणार आहेत.

एका आवाजाने गाऱ्हाणं मान्य होतं की सगळ्यांचा लागतो? बाईचा चालतो का? बाहेर उभं राहून दिलेला चालतो का? मी गुरवाला विचारलं, बाकीच्या मानकऱ्यांना विचारलं, बाबीला विचारलं, उमेशने त्याच्या चुलत्यांना विचारलं. कोणी हो म्हणत नाही, कोणी नाही म्हणत नाही. सगळे एकच उत्तर देतात, "ता नानांकच ठावक."

म्हणून तुम्हाला विचारतोय, नाना.